वजनकाट्यावर आत्याबाई

मी अंगणवाडी सेविका आहे, सतरा वर्षं झाली. गावातल्या कोणत्या लेकराचं वजन गेल्या महिन्यापेक्षा दोनशे ग्रॅमनं घसरलं, हे मला रजिस्टर न उघडता सांगता येतं. आणि माझ्याच घरात, माझ्याच हातची भाकर खाणाऱ्या सासूचं वजन दोन वर्षांत आठ किलो उतरलं, ते मला दिसलं नाही. लिहिताना आजही लाज वाटते. तरी लिहिते, कारण गेल्या सात महिन्यांत ज्या ज्या खिडकीसमोर रांगेत उभी राहिले तिथे माझ्यासारख्याच सुना आणि लेकी भेटल्या, आणि प्रत्येकीच्या तोंडी एकच वाक्य होतं : "वय झालं, आता असंच राहणार."

आमचं गाव वर्धा नदीच्या काठचं. कपाशी, सोयाबीन, तूर. सासूबाईंना आम्ही आत्याबाई म्हणतो. 2024 मध्ये आधार कार्डाच्या हिशेबानं वय 74, जन्मतारीख अर्थातच 1 जानेवारी. त्यांच्या पिढीतलं निम्मं गाव त्याच दिवशी जन्मलेलं आहे. गळ्यात माळ, त्यामुळे अंडी-मटण घरात शिजलं तरी त्यांना चालत नाही. आठ वर्षांपासून शुगरच्या गोळ्या. दात उरलेले पाच. मामाजी, म्हणजे माझे सासरे, 2023 च्या जानेवारीत गेले.

सुरुवात कुठून झाली ते आता कळतं. 11 सप्टेंबर 2024, महालक्ष्म्यांचं जेवण. सोळा भाज्या, पुरणपोळी, कढी, वडे, ज्वारीची आंबील. आत्याबाईंनी पानावर सगळं वाढून घेतलं आणि फक्त आंबील प्याल्या. पुरणपोळी हळूच नातवाच्या पानात सरकवली. मी टोकलं तर म्हणाल्या, "मायी भूकच मेली वो बाई." घरात पन्नास पानं उठायची होती, मी पुढे गेले.

आठ दिवसांनी, 19 सप्टेंबरला, अंगणवाडीत वजनाचा दिवस होता. पोषण माह चालू, त्यामुळे फोटो, रांगोळी, पालेभाज्यांचं प्रदर्शन असा सगळा थाट. आत्याबाई नातवाचा विसरलेला डबा घेऊन आल्या. आमच्याकडे गरोदर बायांसाठी मोठा काटा असतो. एक गरोदर पोरगी गमतीनं म्हणाली, "आजी, तुमी बी चढा ना." त्या लाजत चढल्या. 39.1.

काटा बिघडला असं समजून मी स्वतः चढून पाहिलं. काटा बरोबर होता. रात्री पेटीतून कागद काढले. 2022 मध्ये मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, त्या केसपेपरवर वजन 47 लिहिलेलं. मग आठवायला लागलं : बांगड्या कोपरापर्यंत सरकतात म्हणून त्यांनी दोन काढून ठेवल्या होत्या, पोलक्याला आतून टीप मारून घेतली होती. लुगड्यात माणूस झाकून जातं हो. लेकरांचे कपडे काढून वजन करतो, म्हणून त्यांच्या बरगड्या तरी दिसतात.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या काकू ओट्यावर बसून कोणालातरी सांगत होत्या, "साऱ्या गावाचे लेकरं मोजते, घरची बुढी वाळून गेली तं पत्ता नाई." मला ऐकू जावं म्हणूनच बोलल्या असाव्यात. दोन दिवस मी त्यांच्यावर रागावले, तिसऱ्या दिवशी वाटलं, खोटं काय आहे त्यात?

पहिली चूक तिथेच झाली. घाबरून मी त्यांना तालुक्याच्या एका खासगी दवाखान्यात नेलं. तपासणी न करता "अशक्तपणा आहे" म्हणून एक दिवसाआड तीन ताकदीच्या सलाईनी, प्रत्येकी 600 रुपये, आणि वर प्रोटीन पावडरचा डबा 780 रुपयांचा. आमच्याकडे म्हाताऱ्या माणसाला सलाईन लावली की घरच्यांना बरं वाटतं, सेवा केल्यासारखं. नंतर कळलं की 500 मिलीच्या साध्या ग्लुकोजच्या बाटलीत 25 ग्रॅम साखर असते. शंभर कॅलरीसुद्धा नाहीत, म्हणजे एका भाकरीइतकंही नाही. तेही शुगरच्या पेशंटला. पावडर त्यांना घशाखाली उतरेना, ती शेवटी नातवानं संपवली.

27 सप्टेंबरला उपकेंद्रात गेले, जिथे मला आधीच जायला हवं होतं. आमच्या सीएचओ (उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकारी) मॅडमनं आधी एक सहा प्रश्नांचा कागद काढला. त्याला एमएनए म्हणतात, म्हाताऱ्या माणसांचं पोषण मोजायची साधी प्रश्नावली. गेल्या तीन महिन्यांत खाणं कमी झालं का? वजन उतरलं का? घराबाहेर जाता-येता का? एवढ्यात मोठं आजारपण किंवा मनाला धक्का? विसरभोळेपणा, उदासी? आणि शेवटी उंचीच्या हिशेबात वजन. एकूण 14 गुण. 12 किंवा त्याहून जास्त म्हणजे ठीक, 8 ते 11 म्हणजे धोका, 7 किंवा त्याहून कमी म्हणजे कुपोषण.

आत्याबाईंचे 6 आले.

कुपोषण हा शब्द मी रोज लिहिते. सॅम (तीव्र कुपोषित), मॅम (मध्यम कुपोषित), दंडघेर साडेअकरा सेंटीमीटरच्या आत, पोषण ट्रॅकर या अॅपमध्ये नोंद. पण तो शब्द 74 वर्षांच्या बाईपुढे कधी लागू होईल असं डोक्यातच आलं नव्हतं. ट्रॅकरमध्ये त्यांच्यासाठी रकाना नाही. गरोदर, स्तनदा, सहा वर्षांपर्यंतची मुलं, झालं.

मॅडमनं पोटरीचा घेर मोजला, 28 सेंटीमीटर. काटा नसेल तर हीच युक्ती : साधी शिंप्याची टेप घ्या, बसलेल्या माणसाच्या पोटरीचा सगळ्यात जाड भाग मोजा. 31 च्या आत आला तर थांबू नका. हे मी आता गृहभेटीला गेले की आज्यांचंही करते. आज्या हसतात, पण पाय पुढे करतात.

हिमोग्लोबिन 8.4 निघालं (बायांचं 12 च्या वर असावं). मॅडमनं ग्रामीण रुग्णालयासाठी चिठ्ठी दिली आणि एक गोष्ट बजावली, जी मी सगळ्यांना सांगते : घरात आहेत नाहीत तेवढ्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून न्या. पाकिटं, अर्ध्या पट्ट्या, पुड्या, चूर्ण, सगळं.

30 सप्टेंबर, सोमवार. सकाळची एसटी. आम्हा बायांना अर्धं तिकीट, 75 नंतर तर पूर्ण फुकट. आत्याबाईंना तेव्हा एक वर्ष कमी पडत होतं, त्याचं त्यांना भारी दुःख. आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत 15 ऑगस्ट 2023 पासून केसपेपर, तपासण्या, औषधं मोफत आहेत, त्यामुळे खिडकीवर पैसे लागले नाहीत. (वैद्यकीय महाविद्यालयांना हे लागू नाही. तिथे जाणार असाल तर सुटे पैसे ठेवा.) साडेनऊला रांगेत लागलो, डॉक्टरांपुढे बसलो तेव्हा सव्वाबारा. म्हाताऱ्या माणसाला उपाशीपोटी नेलं असेल तर रक्त दिल्याबरोबर काहीतरी खायला द्या. मी भाकरीचा काला नेला होता, तोही त्यांनी रांगेत रडणाऱ्या एका पोराला भरवला. बाई जन्मभर अशीच जेवली आहे, हे मला त्या बाकड्यावर बसून लख्ख दिसलं.

डॉक्टर तरुण होते, पण त्यांनी पिशवी टेबलावर रिकामी केली आणि एकेक पाकीट पाहिलं. शुगरच्या दोन गोळ्या. पित्ताची गोळी, तीन वर्षांपूर्वी पंधरा दिवसांसाठी लिहून दिलेली, आजवर चालू. आणि कागदात बांधलेल्या बिननावाच्या पुड्या. ऑगस्टात आमच्याकडे चिकनगुनियाची साथ होती, सांधे धरले होते, तेव्हापासून आत्याबाई दुकानातून "दुखण्याची पुडी" आणून घेत होत्या. मला माहीत नव्हतं. डॉक्टर म्हणाले, या पुड्यांनी पोटाच्या आत जखमा होऊन हळूहळू रक्त जाऊ शकतं, भूक मरते, आणि आत काय मिसळलंय देव जाणे. शुगरची जी गोळी त्या आठ वर्षं घेत आहेत तिनं आणि पित्ताच्या गोळीनंही वर्षानुवर्षांत बी-12 कमी होतं. त्यात माळकरी माणूस, दूध नावाला, म्हणजे बी-12 येणार कुठून?

त्यांनी सांगितलेल्या तपासण्यांपैकी बी-12 तिथे होत नव्हती. बाहेर 850 रुपये लागले. 142 आलं. 200 च्या खाली कमतरता धरतात. ड जीवनसत्त्वाची तपासणी मी स्वतःच विचारली, तर म्हणाले, पैसे वाचवा, या वयात, घरात बसणाऱ्या बाईचं कमीच असणार. आठवड्याला एक पुडी, आठ आठवडे, असं लिहून दिलं. (ही पुडी 60,000 युनिटची असते, मनानं वाढवू नका.) शौचाच्या तपासणीत रक्त निघालं नाही, तेव्हा जीव भांड्यात पडला. तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी 6.3 आली. मला वाटलं शाबासकी मिळेल. डॉक्टर म्हणाले, या वयात इतकी खाली कशाला? चक्कर येऊन पडल्या तर मांडीचं हाड मोडेल. एक गोळी बंद केली.

मग विचारलं, "आजी, काय काय खात नाही तुम्ही?" ही यादी ऐकण्यासारखी होती. भात नाही, शुगर आहे. केळं नाही, शुगर. आलू नाही, शुगर. संत्र आंबट, सांधे धरतात. वांगं वातूळ. दही थंड. हरभऱ्याच्या डाळीनं पोट फुगतं. फल्लीदाणे (शेंगदाणे) चावत नाहीत. दूध "लेकराले पुरू दे". गुरुवार, एकादशी, चतुर्थी उपास. रात्री पाणी नाही, कारण संडास अंगणापलीकडे आणि गुडघे दुखतात. प्रत्येक गोष्ट कोणीतरी कधीतरी सांगितलेली, कोणी डॉक्टरनं, कोणी वैद्यानं, कोणी नणंदेनं. एकेक बंदी बरोबर वाटते. सगळ्या एकत्र केल्या की ताटात उरतो चहा आणि त्यात बुडवलेलं बिस्कीट.

घरी आल्यावर मी तीन दिवस वहीत लिहून ठेवलं त्या काय खातात. सकाळी चहा-बिस्कीट. दुपारी अर्धी भाकर पातळ वरणात कुस्करून. चार वाजता चहा-बिस्कीट. रात्री सगळे जेवल्यावर पातेल्यात उरलेलं. "शिळं वाया जाते" हा त्यांचा रात्रीच्या जेवणाचा मेनू. लेकरांच्या आहाराचा हिशेब मी करतेच, तसाच केला : दिवसाला जेमतेम 18 ते 20 ग्रॅम प्रथिनं. म्हाताऱ्या माणसाला किलोमागे एक ग्रॅम तरी हवं, आजारातून उठलेल्याला त्याहून थोडं जास्त. म्हणजे निम्म्यावरच गाडी. वरण पातळ का, तर डाळ तेव्हा 170 रुपये किलो होती. आमची तूर विकली जाते आणि डाळ विकत येते. सोयाबीनचं तर विचारूच नका, वावर भरून पिकतं, हमीभाव 4,892 जाहीर होता, व्यापारी त्याहून खाली मागतो, आणि घरात खायला एक दाणा राहत नाही. ज्वारी पेरणं आम्ही सोडलं कारण रानडुकरं आणि पाखरं काही ठेवत नाहीत. आता ज्वारीही किराण्यातून.

नवरात्र 3 ऑक्टोबरला बसलं आणि घरात युद्ध झालं. नऊ दिवसांचा उपास त्या लग्न झाल्यापासून धरतात. साबुदाणा, शेंगदाण्याचा कूट चावत नाही म्हणून नुसता साबुदाणा, आणि साखरेचा चहा. मी नको म्हटलं. "तू मले देवापासून तोडतं काय?" दोन दिवस अबोला. माझे यजमान अशा वेळी वावरात जातात. शेवटी सीएचओ मॅडमनंच तोडगा काढला : उठता-बसता उपास. पहिला दिवस आणि शेवटचा. मधले सात दिवस जेवण, आणि उपासाच्या दोन दिवसांत दूध आणि राजगिरा. देवीला चाललं, आत्याबाईंना हळूहळू चाललं.

बी-12 च्या सुया त्याच आठवड्यात सुरू झाल्या. आधी एक दिवसाआड पाच, मग आठवड्याला एक अशा चार, मग महिन्याला. सुई बाहेरून 35 रुपयांना, टोचून सिस्टरनं दिली. लोहाच्या गोळ्या रुग्णालयातून मिळाल्या. एक आगाऊ सूचना : या गोळ्यांनी शौच काळी होते. आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं, आत्याबाईंनी रात्री दोनला उठवून "रक्त जाते" म्हणून रडारड केली. आणि गोळीच्या मागे-पुढे तासभर चहा नको, चहानं लोह अंगी लागत नाही. चहा बंद होणं शक्य नव्हतं, वेळ बदलली.

स्वयंपाकघरातलं काम मला सोपं वाटलं होतं. तेच सगळ्यात लांबलं. मी आधी अंगणवाडीतल्यासारखं करायला गेले, पौष्टिक लाडू, मोड आलेले मूग, गाजराची कोशिंबीर. पाच दातांनी काय चावणार? ताट तसंच परत. एक दिवस वैतागून विचारलं, "तुमच्या सासूला दात नव्हते तेव्हा तुम्ही काय द्यायच्या?"

त्या थोडा वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "ताकातल्या कण्या."

जात्यावर भरडलेल्या ज्वारीच्या कण्या, मऊ शिजवून ताकात कालवलेल्या, वरून जिऱ्याची फोडणी. आणि मग बाई सुटल्याच. मुगाच्या डाळीचं दाट आळण. डाळभाजी, पण डाळ जास्त आणि घोटलेली. चून (बेसनाचं पिठलं) पातळ, भाकर त्यात भिजवून. कढी-गोळे, गोळे कढीत मुरले की जिभेनं फुटतात. भाजलेल्या जवसाची अगदी बारीक चटणी, गोडं तेल घालून. फल्लीदाणे चावत नाहीत तर भाजून, बारीक कुटून, भाजीत आणि कण्यांत. उन्हाळ्यात चिवळीची भाजी. ही सगळी म्हाताऱ्यांची ताटं त्यांना पाठ होती. स्वतः म्हाताऱ्या झाल्यावर ती कोणाला मागायची, हे मात्र माहीत नव्हतं. मागणं त्यांच्या स्वभावात नाही, आणि मी कधी विचारलं नाही.

माझी भर दोन गोष्टींची. एक, दूध अर्धा लिटर वाढवलं, महिन्याला 900 रुपये, आणि त्यातलं निम्मं विरजण. दुसरी, घरचंच सोयाबीन दोन पायल्या ठेवून घेतलं. कच्चं दळू नका, पचत नाही. धुऊन, उकळत्या पाण्यात पंधरा-वीस मिनिटं शिजवून, वाळवून, मग खमंग भाजून ज्वारीत नऊ वाट्यांना एक वाटी असं दळून आणलं. जास्त घातलं की भाकर चिरते आणि वासही येतो, पहिल्या दळणाची भाकर कुत्र्यानं सुद्धा सोडली.

वेळ बदलली, त्याचा फायदा पदार्थांपेक्षा जास्त झाला असं माझं मत आहे. तीन वेळा पोटभर हे त्यांना होईना. मग सहा वेळा वाटी-वाटी. आणि रात्री सगळ्यांच्या शेवटी जेवणं बंद. नातवाला सांगितलं, आजी जेवायला बसली नाही तर तूही बसायचं नाही. मामाजी होते तेव्हा त्या त्यांच्याजवळ पाटावर बसून दोन घास खायच्या. ते गेल्यावर त्यांचं ताटच गेलं होतं. हे कोणत्याही रक्ताच्या तपासणीत येत नाही. त्या सहा प्रश्नांपैकी एकात येतं.

ऑक्टोबरच्या मध्यात निवडणूक जाहीर झाली, आचारसंहिता लागली, मी बीएलओच्या (मतदार यादीच्या) कामात अडकले. त्याच सुमारास मुख्यमंत्री वयोश्री योजनेचा अर्ज भरला. 65 च्या वरच्या, कुटुंबाचं उत्पन्न दोन लाखांच्या आत असलेल्यांना एकदा 3,000 रुपये खात्यात येतात. आधार, मतदान कार्ड, पासबुकाची झेरॉक्स, दोन फोटो, स्वयंघोषणापत्र लागतं. पासबुक आधारला जोडलेलं आहे का ते आधी बघा. आत्याबाईंच्या अंगठ्याचे ठसे कामानं झिजलेत, मशीन घेत नाही. बँकेत तीन खेपा झाल्या. या पैशातून घ्यायच्या वस्तूंची यादी आहे : चष्मा, श्रवणयंत्र, काठी, वॉकर, कमोड खुर्ची, गुडघ्याचा पट्टा, कंबरेचा पट्टा, मानेचा पट्टा. दात नाहीत. केंद्राच्या राष्ट्रीय वयोश्री योजनेत कवळी आहे, पण ती शिबिरातून मिळते आणि शिबिर आमच्या भागात आलं नव्हतं. श्रावणबाळ या म्हाताऱ्यांच्या पेन्शन योजनेत आम्ही बसत नाही, वार्षिक उत्पन्नाची मर्यादा 21,000 आहे. 70 च्या वरच्यांसाठीचं आयुष्मान वय वंदना कार्ड डिसेंबरात काढून ठेवलं. अंगठा लागला नाही, चेहऱ्यावरून झालं. ते दवाखान्यात भरती झाल्यावरच चालतं, दात-तपासण्या-गोळ्यांना नाही. तरी काढून ठेवा. भरती व्हायची वेळ सांगून येत नाही.

दातांसाठी नागपूरच्या एका दंत महाविद्यालयात गेलो. 28 नोव्हेंबरला तीन आणि 5 डिसेंबरला दोन दात काढले. हिरड्या भरायला दोन महिने थांबायला सांगितलं. या दोन महिन्यांत वजन पुन्हा उतरेल अशी मला भीती होती, पण कण्या आणि आळणानं तारलं. उलट दुखरे दात गेल्यामुळे खाणं वाढलं. 10 फेब्रुवारी 2025 पासून मापं : एक दिवस कच्चं माप, एक दिवस पक्कं, एक दिवस दोन जबड्यांतलं अंतर, एक दिवस मेणावर लावून बघणं, आणि 20 मार्चला कवळी हातात. एका दिवसात होत नाही, हे मनाशी धरूनच जा. शेवटच्या खेपेनंतर टोचत होती म्हणून घासायला पुन्हा एकदा. एकूण आठ खेपा, एसटी आणि ऑटो धरून खेपेला 360, कवळीचे 4,500. सगळा हिशेब, तपासण्या-सुया धरून, साडेआठ हजारांच्या आसपास. सलाईनी आणि पावडर यात धरलेली नाही, ती माझ्या घाबरण्याची फी.

वजन कासवाच्या गतीनं चढलं. ऑक्टोबरअखेर 39.6. मला वाटलं होतं लेकरांसारखं महिन्यात दिसेल. नोव्हेंबरात सर्दी-तापात 39 वर आलं तेव्हा मी काट्याला लाथ मारायची राहिले होते. डिसेंबरात 40.4, संक्रांतीला 41.2, मार्चअखेर 43.2. हिमोग्लोबिन 11.6. बाराच्या खाली आहे, गोळ्या चालू आहेत. तळपायांची आग होत होती ती बी-12 च्या तिसऱ्या-चौथ्या सुईनंतर कमी झाली, आणि तेव्हा कळलं की ती दोन वर्षांपासून होती, सांगितली कधी नव्हती. उठताना भिंतीचा आधार अजून घेतात. रोज खुर्चीवरून दहा वेळा उठ-बस सांगितली आहे, कारण नुसतं खाऊन स्नायू येत नाही, तो वापरावा लागतो. दहा होत नाहीत, सहा होतात. ड जीवनसत्त्वाच्या नावाखाली सकाळी उन्हात ओट्यावर बसतात आणि काकूंशी गप्पा मारतात. त्याच काकू. त्यांचीही पोटरी मी मोजली, 30 भरली. उपकेंद्रात पाठवलं आहे.

एप्रिलच्या सुरुवातीला मॅडमनं तोच कागद परत भरला. 6 चे 11 झाले. अजून "धोका" मध्येच आहोत. वयोश्रीचे पैसे आले नाहीत, अर्ज "छाननीत" आहे.

कवळी बहुतेक वेळ डब्यात असते. रोज घाला, सवय होईल, असं मी म्हणते. "कण्याले दात कायले लागते?" असं उत्तर येतं. परवा भाच्याच्या लग्नाला निघताना मात्र त्यांनी स्वतःहून डबा मागितला. फोटो निघेपर्यंत तोंडात ठेवली. पंगत बसली तशी कवळी काढली, पदराच्या गाठीत बांधली, आणि दोन वेळा वरण-भात मागून घेतला.